स्लिपशिवाय माल मिळणार नाही

आमचं लग्न ठरत होतं तेव्हा मध्यस्थांनी सांगितलं की मुलगा ‘स्टोअरमध्ये आहे’, आणि येवल्याला माझ्या माहेरी सगळ्यांनी परस्पर धरून चाललं की मुलाचं दुकान आहे. त्यांचं तरी काय चुकलं? आमच्या गावात स्टोअर म्हणजे दुकानच. बाजारपेठेत ओळीने जनरल स्टोअर्स, कटलरी स्टोअर्स, साडी स्टोअर्स. माझ्या मावशीने साखरपुड्यातच ह्यांना बाजूला घेऊन विचारलं, “अंगाचा साबण घाऊक भावाने मिळेल का हो?” हे म्हणाले, “आमच्याकडे बेअरिंग आणि बोल्ट असतात, आणि तेही विकत नाहीत.” जावई तुसडा आहे असं मावशी पुढे वर्षभर सांगत फिरली.

हे होते नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. नाव आत्माराम, पण कारखान्यात सगळे ‘स्टोअर’च म्हणायचे. “स्टोअर आले का रे?” असं. त्या कारखान्यात मशीन शॉप होतं, प्रेस शॉप होतं, पेंट शॉप होतं, आणि त्यांतल्या एकाही शॉपमध्ये पाच पैशांची वस्तू विकत मिळत नव्हती. तिथली माणसं ह्यांच्या खिडकीशी यायची आणि माल घेऊन जायची. म्हणजे शॉपमधून निघायचं, स्टोअरमध्ये जायचं आणि खरेदी काहीच करायची नाही. शिवाय आमच्या फ्लॅटमध्ये एक स्टोअर रूम होती, तिच्यात गणपतीचं मखर आणि मोडका टेबलफॅन. आता मुलाच्या फोनमध्येही एक स्टोअर असतं, तिथून न दिसणारा माल उतरवून घेतात. एका शब्दाला किती ठिकाणी राबवावं, म्हणते मी.

ह्यांच्या खिडकीवर चौतीस वर्षं एक पाटी होती: ‘स्लिपशिवाय माल मिळणार नाही’. स्लिपवर चार रकाने. काय हवं, किती हवं, कशासाठी हवं, आणि सही. तिसरा रकाना मोकळा दिसला की समोर मॅनेजर असला तरी हे चष्मा काढून ठेवायचे. “कशासाठी ते लिहा, मग बघू.” लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात ह्यांनी माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांना पुठ्ठ्याची कार्डं बांधली. रवा किती आला, किती गेला, कशासाठी गेला. मी तेवीस वर्षांची होते, आणि तापट होते. सगळी कार्डं सोडवून केरात टाकली. हे काही बोलले नाहीत. तसेही हे कधी काही बोलत नाहीत.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे यंदाचे आमचे जर्मनीतले तीन महिने.

अनिमेष, आमचा मुलगा, हेर्त्सोगेनआउराखला एका कंपनीत इंजिनियर आहे. हे नाव मला अजून एका दमात म्हणता येत नाही. इथले लोकही ‘हेर्त्सो’ म्हणून सुटका करून घेतात, तेव्हा मीही तेच करते. सून ऊर्मिला घरून काम करते. आणि नात अन्वी, पावणेसहा वर्षांची, सप्टेंबरात शाळेत जायची आहे. आम्ही पहिल्यांदाच आलो होतो. व्हिसा दोन वर्षांचा होता, एका वेळी नव्वद दिवस राहायची मुभा. निघताना ह्यांनी गुडघ्याच्या पट्ट्याआधी काय भरलं असेल, तर अन्वीसाठी लाकडी भोवरा.

अन्वीला मराठी सगळं कळतं. बोलते मात्र जर्मन. ह्यांनी विचारावं, “अन्वी, बालवाडीत काय केलं?” तिने भरभर चार वाक्यं फेकावीत, आणि ह्यांनी “असं होय” म्हणून मान हलवावी. पहिले चार दिवस तिला मजा वाटली. मग तिच्या लक्षात आलं की आजोबांना काही म्हणजे काही कळत नाही. पाचव्या दिवशी तिने हात झटकले आणि आईला सांगितलं, “आजोबा फेरश्टेएट निक्स.” आजोबांना काही समजत नाही. हे एवढं जर्मन ह्यांना नेमकं समजलं.

माझं तसं बरं होतं. मी मराठीत बोलते, पोरगी जर्मनमध्ये बोलते, मध्ये थालीपीठ असतं, आमचं भागतं. हे थालीपीठ करत नाहीत. हे खिडकीशी उभे राहायचे आणि खालून जाणाऱ्या सायकली बघायचे. मुलाने एका शनिवारी आम्हाला बुटांच्या मोठ्या आउटलेटमध्ये नेलं, बसेस भरभरून लोक येतात तिथे. आम्ही तिघी आत बूट बघत होतो आणि हे सापडेनात. शेवटी मागच्या बाजूला सापडले. ट्रकमधून खोकी उतरत होती, ती मोजत उभे होते. “शिस्त आहे,” एवढंच म्हणाले. त्या दिवसातलं ते त्यांचं एकमेव वाक्य.

नवव्या दिवशी चहा पिताना ह्यांनी जाहीर केलं, “सुलेखा, ही पहिली आणि शेवटची खेप. पुढच्या वेळी तू एकटी ये. भिंतीकडे बघायला मला नाशिकला भिंत आहे.”

एवढी एकच नात. आणि हा माणूस एकदा नाही म्हणाला की नाहीच. ह्यांच्या आईने एकदा ह्यांना वांग्याची भाजी वाढताना टोमणा मारला होता, तेव्हापासून वांगं खाल्लेलं नाही. त्या दिवसापासून मला एकच ध्यास लागला. नव्वद दिवस संपायच्या आत ह्या दोघांचं जमलं पाहिजे, नाहीतर हे पुन्हा येणार नाहीत आणि पोरीला आजोबा म्हणजे फोनच्या पडद्यावरचं कपाळ, एवढेच उरतील.

पण जमवायचं कसं, ते कोण सांगणार? दोघांना बागेत पाठवलं. दोघं दोन बाकांवर बसून आली. पत्ते दिले. नियमांवरून बिनसलं.

मग खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ डोर्श आल्या. सत्तरीच्या पुढच्या बाई, एकट्या राहतात, तळघरातलं सामान काढत होत्या. त्यांनी अनिमेषला हाक मारून एक लाकडी दुकान वर आणवलं. काउफलाडन म्हणतात त्याला. इथे पिढ्यान्‌पिढ्या मुलं ह्याच्याशी खेळतात. कमरेएवढा गल्ला, मागे छोटे छोटे खण, त्यांत काडेपेटीएवढी पिठाची पाकिटं, लाकडी अंडी, सफरचंदं, पितळी तराजू. त्यांच्या नातवंडांना मिशा फुटल्या, म्हणून आता अन्वीला.

ह्यांनी ते दुकान बघितलं आणि पहिल्यांदाच खिडकीपासून हलले. खणांवरून हात फिरवला. एक खण बाहेर ओढून त्याचा सांधा बघितला. “सुताराला काम येत होतं,” म्हणाले.

अन्वी गल्ल्यामागे उभी राहिली आणि अगदी बेकरीतल्या बाईच्या सुरात म्हणाली, “ग्र्युस गॉट! वास डार्फ्स झाइन?” नमस्कार, काय देऊ, असं विचारत होती. हे समोर उभे. काय मागायचं, कोणत्या भाषेत मागायचं, काही सुचेना. चौतीस वर्षं माणूस खिडकीच्या आतल्या बाजूला होता हो. बाहेरच्या बाजूला उभं राहायची सवयच नाही. अन्वीने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा कंटाळली, आणि ह्यांच्या शर्टाला धरून त्यांना गल्ल्यामागे ढकललं. मग स्वतः पुढे येऊन गिऱ्हाईक झाली. मी आतून बघत होते. म्हटलं, चला, जमतंय.

अन्वीने शेवयांच्या पाकिटाकडे बोट दाखवलं.

“स्लिप?” हे म्हणाले.

तिने पुन्हा बोट दाखवलं.

“स्लिप कुठंय? काय हवं, किती हवं, कशासाठी हवं. लिहून आण. सही लागेल.”

मी कपाळावर हात मारला. अन्वीने गल्ल्यावरून हात लांब करून पाकीट ओढायला बघितलं, तर ह्यांनी ते उचलून वरच्या खणात ठेवलं. “असं नाही. स्लिपशिवाय नाही.” पोरगी पाय आपटून ओरडली, “दास इस्ट माइन लाडन!” माझं दुकान आहे! आणि भोकाड पसरलं.

ऊर्मिला कानावरचा हेडफोन मानेत अडकवून बाहेर आली. तिची मीटिंग चालू होती. “अहो बाबा, देऊन टाका ना तिला. तिचंच आहे सगळं.”

“तिचं आहे म्हणून नियम नाही का?”

“बाबा, खेळ आहे हा. पावणेसहा वर्षांच्या मुलीला शेवया कशासाठी हव्यात असं कोणी विचारतं का? एवढंसं पाकीट. तेही खोटं.” तिचा आवाज चढला नव्हता, पण थकला होता. पोरीला उचलून ती आत गेली.

ह्यांनी वरच्या खणातलं पाकीट काढून पुन्हा जागेवर ठेवलं, नीट, लेबल पुढे करून. संध्याकाळी अनिमेष आला तेव्हा त्याला म्हणाले, “तिकीट अलीकडचं मिळतं का बघ.”

मी भांडले. चांगली कडाडून भांडले. म्हटलं, चाळीस वर्षं मी ऐकून घेतलं, आता ह्या चिमुरडीलाही खिडकीबाहेर उभं करणार का तुम्ही? एक पाकीट दिलं असतं तर कोणतं मशीन बंद पडणार होतं? अनिमेष मध्ये पडला नाही. फोनवर विमानं बघत राहिला आणि हळूच म्हणाला, “मला तर कारण विचारायलाही बाबा घरी नसायचे, आई. सेकंड शिफ्ट.”

नशीब की तिकीट महाग होतं. “दोन दिवस थांबू, रेट उतरतील,” असं अनिमेष म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तीनच्या सुमारास अन्वी बालवाडीतून आली. बॅग टाकली, हात धुतले नाहीत, आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. अर्ध्या तासाने बाहेर आली तेव्हा तिच्या हातात बेकरीची फाडलेली कागदी पिशवी होती. थेट ह्यांच्यापुढे गेली आणि ती पिशवी ह्यांच्या मांडीवर ठेवली.

तिच्यावर चित्र होतं. पलंग, पलंगावर अस्वल, अस्वलाच्या तोंडात काडी. बाजूला दोन लाल गोळे. खाली तिचं नाव, मोठ्या अक्षरांत. सही.

ह्यांनी चष्मा लावला. वर्क्स मॅनेजरचं पत्र आल्यासारखं ते चित्र दोन्ही हातांत धरून वाचलं. मग उठले, गल्ल्यामागे जाऊन स्टुलावर बसले. “काय हवं ते कळलं. सफरचंदं. किती तेही कळलं. दोन. हे काय?” त्यांनी अस्वलावर बोट ठेवलं.

“बेअर,” अन्वी म्हणाली. “एर इस्ट क्रांक.”

“मला नाही कळलं.”

तिने घाम पुसल्यासारखं केलं, खोकली, जमिनीवर आडवी पडली. हे ढिम्म. कळलं होतं त्यांना, मी शपथेवर सांगते. पण चष्म्यावरून बघत बसून राहिले. अन्वी उठली, मान वाकडी केली, डोक्याला ताण दिला, आणि आतून कुठून तरी एक शब्द ओढून काढला. “आजाली.”

“आजारी आहे? काय होतंय?”

“पोट. पोट... दुखते.”

“कधीपासून?”

“काल. नाइन, नाही. दोन काल.”

“परवापासून. डॉक्टरांनी सफरचंद सांगितलंय?”

“या!” म्हणजे हो. “डॉक्टर सांगितला.”

ह्यांनी खण उघडला. “स्टॉक कमी आहे. एक आत्ता देतो, एक उद्या. चालेल?”

अन्वीने गंभीरपणे विचार केला. “पण उद्या नक्की.” मग सफरचंद घेण्याआधी तिला काहीतरी आठवलं. तिने पिशवी उलटसुलट बघितली आणि नापसंतीने म्हणाली, “श्टेम्पल नाहीये.”

“ते काय?”

तिने मूठ करून कागदावर दाणकन आपटली. शिक्का! ह्या देशात शिक्क्याशिवाय पान हलत नाही, हे त्या पोरीला बालवाडीतच कळलेलं. ह्यांचा चेहरा असा खुलला की मी आमच्या लग्नाच्या फोटोतही तसा बघितलेला नाही. “बरोबर आहे,” हे म्हणाले. “शिक्का हवाच. माझं चुकलं.” त्या संध्याकाळी बाटलीच्या बुचावर चाकूने एक चौकोन कोरला गेला, आणि ऊर्मिलाची एक लिपस्टिक कामी आली. तिने विचारलं, “बाबा, कशासाठी?” मग स्वतःच हसली आणि देऊन टाकली.

त्या दिवसापासून रोज तीन वाजता स्टोअर उघडू लागलं. तिकिटाचं कोणी नाव काढलं नाही.

मी स्वयंपाकघरातून ऐकायची. दुकानात काय असतं, तुम्ही वस्तूचं नाव घेता, समोरचा देतो, संपलं. तोंड उघडायचीही गरज नाही, बोट दाखवलं तरी भागतं. ह्यांच्या स्टोअरमध्ये तसं नव्हतं. एक लाकडी अंडं हवं असेल तर अख्खी हकीकत सांगावी लागायची. अन्वीला अंडं हवं, कारण केक करायचा आहे. केक कशासाठी? लेनाचा वाढदिवस आहे. लेना कोण? लेना बालवाडीतली मैत्रीण. तिला बोलावलं का? बोलावलं, पण ती येणार नाही म्हणाली. का? मग ती का म्हणाली ते सांगताना पोरगी मध्येच थांबली, आणि हेही थांबले, स्लिपवर पेन टेकवून. घाई नाही. चौतीस वर्षांत ह्यांनी खिडकीशी कोणाला घाई केली नाही. शेवटी ती म्हणाली, “ती म्हणाली, माझं डब्याचं वास येते.” ऊर्मिलाला हे माहीत नव्हतं, आणि मलाही नव्हतं. एका अंड्यापायी बाहेर आलं.

“मग अंडं कशाला देऊ? ती तर येणार नाही,” हे म्हणाले.

“ती नाही. फिन येणार, माझा मित्र. आणि बेअर.”

“मग दोन लागतील,” म्हणाले, आणि दोन दिली. शिक्का मारून.

तिचं मराठी काय एका दिवसात सुधारलं नाही. अडलं की जर्मन, मग खाणाखुणा, मग चित्र. पण हे समजल्याशिवाय स्लिप भरायचे नाहीत, आणि भरल्याशिवाय माल द्यायचे नाहीत, त्यामुळे तिला मार्ग काढावाच लागे. ह्यांनाही. एकदा ह्यांनी तिला इंजिनातला कॅमशाफ्ट म्हणजे काय ते गाजर फिरवून समजावलं. फक्त रविवारी पंचाईत झाली. हे नेमाने तीनला स्टोअर उघडायला गेले, तर अन्वीने गल्ल्यावर टॉवेल टाकलेला. रविवारी इथली सगळी दुकानं बंद, म्हणून हेही बंद. “आमचं स्टोअर रविवारीही चालू असायचं, मशीन बंद पडलं तर,” हे म्हणाले. अन्वी म्हणाली, “मशीनला पण रविवार.”

खरं सांगू का, मला हेवा वाटला. एक दुपार मी कणीक मळत होते आणि बाहेर हे त्या पोरीला सांगत होते की लहानपणी त्यांना अंधाराची भीती वाटायची, विहिरीवरून पाणी आणताना ते मोठमोठ्याने पाढे म्हणायचे. चाळीस वर्षं मी ह्या माणसाबरोबर राहिले, मला हे माहीत नव्हतं. कणकेत डोळ्यांतलं पाणी पडलं, आणि मला स्वतःचाच राग आला. पाच वर्षांच्या पोरीचा हेवा करते, वय काय माझं!

मग ती डब्यांवरची कार्डं आठवली. कशासाठी गेला रवा? मला वाटलं होतं नवरा हिशेबी आहे, बायकोवर नजर ठेवतोय. पण रवा कशासाठी गेला ह्याचं उत्तर काय असतं? शेजारच्या काकू आल्या होत्या, शिरा केला. तुम्हाला आवडतो म्हणून उपमा केला. कंटाळा आला होता म्हणून लाडू करून बघितले, बिघडले. ह्या माणसाला कदाचित बोलायची तेवढी एकच तऱ्हा येत होती, आणि मी ती पहिल्याच महिन्यात केरात टाकली. चूक माझी एकटीची नव्हती. त्यांनीही नुसतं तोंडाने विचारायला हवं होतं. पण मला वाईट वाटलं, फार वाटलं.

तरीही ‘शेवटची खेप’ हे काही मागे घेतलं गेलं नव्हतं. जूनमध्ये मी एकदा सहज म्हटल्यासारखं म्हटलं, “डिसेंबरात इथे बर्फ असतो म्हणे.” हे म्हणाले, “असू दे.” गुडघे, विमानातली ती बसायची जागा, परक्याच्या घरी तीन महिने. मुलाचं घर परकं कसं, असं मी विचारूनही बघितलं. बोललेला शब्द फिरवायचा कसा, हे ह्यांना कोणी शिकवलेलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी शनिवार होता. दुपारी जेवणं झाल्यावर ह्यांनी आम्हा सगळ्यांना बाहेर बोलावलं. स्टोअरचा चार्ज द्यायचा होता. कारखान्यात असंच असतं म्हणे, स्टोअरकीपर निघाला की सगळा माल मोजून नव्या माणसाच्या ताब्यात द्यायचा, दोघांनी सही करायची. ह्यांनी एक मोठा कागद आखला होता. एक एक खण उघडत गेले, अन्वी मोजत गेली, मध्येच जर्मनमध्ये घसरत, पुन्हा मराठीत येत. पाकिटं चौदा, सफरचंदं पाच, अंडी सहा, तराजू एक.

“आता ऐक,” हे म्हणाले. “माल दोन जातींचा असतो. एक वापरला की संपतो. साबण, तेल, खिळे. तो दिला की दिला. दुसरा म्हणजे हत्यार. पाना, ड्रिल. ते न्यायचं, काम करायचं आणि परत आणून द्यायचं. त्याच्यापुढे तारीख लिहून घ्यायची. तारीख नसेल तर द्यायचं नाही. कळलं?”

“या. तारीख नाही तर नाही.”

दोघांच्या सह्या झाल्या, शिक्का झाला, आणि ह्यांनी उठून स्टूल तिला दिलं. अन्वी चढून बसली. ती आता स्टोअरकीपर. हे गल्ल्याच्या पुढच्या बाजूला आले आणि तिथेच घुटमळले. मला वाटलं, आता आत जाऊन पडतील. तेवढ्यात अन्वीनेच विचारलं, “आजोबा, काय हवं?”

ह्यांनी खणांकडे बघितलं. “एक अंडं.”

“कशासाठी?”

“असंच.”

“असंच नाही चालत.” तिने पेन उचललं होतं. “कशासाठी?”

अनिमेष हसायला लागला होता, तो थांबला. हे गल्ल्यावर दोन्ही हात टेकून उभे होते. अन्वीने घाई केली नाही. शिकली होती ती.

“नाशिकला न्यायचंय,” हे म्हणाले. “मला तिथं करमणार नाही, अन्वी. म्हणून.”

“करमणार म्हणजे?”

“म्हणजे... घर आहे तेवढंच असतं, पण मोठं वाटायला लागतं. चहा लगेच संपतो. तीन वाजतात आणि काही करायचं नसतं. कोणी विचारत नाही. त्याला करमत नाही म्हणतात.”

अन्वीने कागदावर एक घर काढलं. मोठं. त्याच्यात एकच माणूस काढला, चष्म्याचा. मला वगळलं होतं. मग तिने अंडं उचललं, आणि ह्यांच्या हातात देता देता पुन्हा मागे घेतलं.

“हे संपणारं की परत आणायचं?”

ह्यांनी अंड्याकडे बघितलं. ऊर्मिलाने माझा हात धरला.

“परत आणायचं,” हे म्हणाले.

“मग तारीख?”

ह्यांनी अनिमेषकडे मान वळवली. “पुन्हा कधीपासून राहता येतं रे इथं? नव्वद दिवसांचं काय ते?”

“सप्टेंबरच्या शेवटी यायला हरकत नाही, बाबा.”

“सप्टेंबरात पितृपक्ष असतो. डिसेंबर बघ. पहिला आठवडा.”

“पाच डिसेंबरला शनिवार आहे,” अनिमेष फोन न काढताच म्हणाला. त्याने बघून ठेवलं होतं, कधीपासून कोण जाणे.

अन्वीने पेन ह्यांच्या हातात दिलं. ह्यांनी तारीख लिहिली, आकडे ठळक, नेहमीसारखे, आणि पुढे सही केली. अन्वीने तिथे शिक्का मारला. मग अंडं दिलं आणि बोट उगारून म्हणाली, “उशीर नाही करायचा.”

“नाही करणार,” हे म्हणाले.

मी आत गेले. बॅगा भरून तयार होत्या. ह्यांची उघडली, तळाशी घातलेले दोन्ही स्वेटर, कानटोपी आणि जाड मोजे काढले, आणि अनिमेषच्या कपाटात खालच्या कप्प्यात ठेवून दिले. डिसेंबरात पुन्हा वाहून आणायचे कशाला?